आसाला वंगण



आमच्या निगडीच्या मंदिरात दहा-बारा वर्षांपूर्वी प्लास्टिकच्या दोनच खुर्च्या असायच्या. आता भिंतीला लागून चौदा मांडलेल्या असतात आणि दशलक्षणात त्याही पुरत नाहीत. त्यांवर बसणाऱ्यांमध्ये पुरुष चार-पाच, बाकी सगळ्या आपण बायका. बसताना प्रत्येक जण शेजारणीला काहीतरी खुलासा देते. "गुडघे राहिले नाहीत हो आता." "डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केलीय." कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगावंसं वाटतं. खुर्चीवर बसून पूजा ऐकली तर पुण्यात काहीतरी कमी पडेल, अशी धास्ती आपल्या मनात कुठेतरी असतेच.

आज त्याच धास्तीबद्दल लिहायचं आहे, आणि त्या निमित्तानं गुडघे, हाडं आणि त्वचा या तिन्हींबद्दल. मी डॉक्टर नाही. पण गेल्या तीन वर्षांत घरात या तिन्ही दुखण्यांनी मुक्काम केला. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि आपले नियम सांभाळताना जे कळलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं वय बाहत्तर. माहेर सांगलीकडचं. मामंजी टेल्कोत लागले म्हणून लग्नानंतर पिंपरीला आल्या आणि इथल्याच झाल्या. चौका लावायचा तर पाटावर बसून, सामायिक करायचं तर जमिनीवर, आर्यिका माताजींना वंदामि करायचं तर गवासनात. शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना त्यांनी पायी केली आहे, नऊ चढून, नऊ टोंकांवर आणि नऊ उतरून. बाहुबलीचा डोंगर तर माहेरचाच असल्यासारखा चढायच्या. त्यांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी ते कुणालाच ऐकू दिलं नाही. जिना उतरताना कठडा घट्ट धरणं, उठताना हातांवर भार देणं, एवढंच दिसायचं. उजवा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकल्यावर मात्र लपवायला जागा उरली नाही.

गुडघा दुखला की आपण म्हणतो, "वंगण संपलं." बोलायला ठीक आहे, पण डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून दाखवलं ते थोडं वेगळं होतं. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, तिलाच आपण गादी म्हणतो. ती झिजत जाते आणि शेवटी हाडाला हाड घासतं. झिजलेली कूर्चा परत वाढवणारं तेल, लेप किंवा गोळी आज तरी नाही. मालिशनं बरं वाटतं, स्नायू सैल होतात, तेवढ्यासाठी ती जरूर करावी. मात्र सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात खरा उपयोग होतो तो मांडीचे स्नायू बळकट करण्याचा आणि वजन उतरवण्याचा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तो गुडघ्यानं खाली दाबायचा, मनात पाच ते दहा आकडे मोजायचे आणि सोडायचं. असं दोन्ही पायांनी दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. आमच्या आई आकड्यांऐवजी णमोकार मोजतात. काठी घ्यायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

गुडघेदुखी म्हटलं की सगळी एकच नसते. झिजेमुळे होणाऱ्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात मोकळा होतो. तो तासभर किंवा जास्त राहत असेल आणि दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तो आजार वयाच्या तिशी-चाळिशीतल्या बाईलाही होतो आणि त्यात थांबून चालत नाही. उपचार लवकर सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात. त्यातली मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवावा. पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन ठणकायला लागला, तर यूरिक ॲसिड तपासून घ्यावं. लांब उपवासात ते वाढतं आणि पाणी कमी पडलं की आणखी त्रास होतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी अठाई धरण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. पायांत मुंग्या आणि जळजळ असेल तर तो वात नसून बी-बारा कमी असल्याचं लक्षण असू शकतं. आपल्याला बी-बारा फक्त दूध-दह्यातूनच मिळतं, त्यामुळे त्याची तपासणी करून घ्यावी.

आईंचा गुडघा मात्र व्यायामाच्या पलीकडे गेला होता. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल. आईंनी खर्च विचारला नाही, दुखेल का तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "नंतर मला गवासनात बसता येईल का?" डॉक्टर खरं बोलणारे होते. म्हणाले, "आजी, खाली मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसणं आता सोडावं लागेल." आई उठल्या आणि म्हणाल्या, "मग नको." तो विषय आमच्या घरात आठ महिने बंद होता. त्या आठ महिन्यांत त्या मंदिरात जायच्या बंद झाल्या, कारण सोसायटीपासून चौकापर्यंतही चालवेना. खाली बसता यावं म्हणून ऑपरेशन नाकारलं, आणि बसायचं होतं त्या जागेपर्यंत पोचणंच थांबलं. हे मला दिसत होतं, पण सुनेनं ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

तो चातुर्मास एका आर्यिका माताजींचा जवळच झाला. आईंना रिक्षातून दर्शनाला नेलं. वाकता येत नाही म्हणून त्या उभ्यानंच रडल्या. माताजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मुनींच्या आहाराची नावं आईंनाच विचारली. आईंना ती तोंडपाठ आहेत: गोचरी, भ्रामरी, अग्निशमन, गर्तपूरण, अक्षम्रक्षण. "अक्षम्रक्षण म्हणजे काय?" माताजींनी विचारलं. आई म्हणाल्या, "गाडीच्या आसाला वंगण घालणं." गाडीवान आसाला वंगण घालतो ते आसाच्या प्रेमापोटी नाही, माल मुक्कामी पोचायला हवा म्हणून. साधू शरीराला आहार देतात तोही तेवढ्याचसाठी आणि तेवढाच. माताजी एवढंच म्हणाल्या, "आस कोरडा ठेवला तर त्याला कुणी त्याग म्हणत नाही. आणि भगवंतांच्या मूर्ती पद्मासनात आहेत तशा खड्गासनातही आहेत ना?"

खड्गासन म्हणजे उभं राहणं. बाहुबली भगवान तर उभेच आहेत. सामायिकाच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत समता टिकवायची असते. मांडी कशी घातली हा त्यातला मुख्य भाग नाही. घरी आल्यावर आई म्हणाल्या, "डॉक्टरांची वेळ घे."

ऑपरेशनच्या आधी ज्या गोष्टी विचारून घ्याव्या लागल्या, त्या तुमच्या उपयोगाच्या आहेत. कृत्रिम गुडघा धातूचा आणि प्लास्टिकचा असतो, त्यात प्राणिज काही नाही. पण ऑपरेशननंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हेपॅरिनचं इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनवतात. त्याऐवजी रासायनिक पद्धतीनं बनवलेल्या गोळ्याही असतात. आम्ही आधीच सांगितलं, डॉक्टरांनी आईंची प्रकृती पाहून गोळी दिली. टाके घालायचा जुना कॅटगट धागाही प्राण्याच्या आतड्याचा असतो, पण आता कृत्रिम धागे सर्रास मिळतात. हे सगळं पहिल्या भेटीत शांतपणे विचारावं. तातडीची वेळ असेल, जिवाचा प्रश्न असेल, तेव्हा मात्र अडून बसू नये. त्या वेळी डॉक्टरांना काम करू द्यावं, प्रायश्चित्ताची वाट आपल्याकडे आहेच.

आईंचा सूर्यास्तानंतर पाण्याचाही त्याग आहे. दवाखान्यातल्या दिवसांत रात्रीची औषधं सलाईनमधून गेली. घरी आल्यावर डॉक्टरांनी शक्य तेवढी औषधं दिवसातून दोनदा घ्यायची लिहून दिली, सूर्योदयानंतर एक वेळ आणि सूर्यास्ताआधी एक. एवढं सांगायला आपण का लाजतो कळत नाही. सांगितलं तर बहुतेक डॉक्टर वेळा बसवून देतात. न सांगता रात्रीची गोळी टाळली, तर ते मात्र त्यांना कळत नाही. आणखी एक सांगते. निर्जळ उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घेऊ नये. पोट आणि मूत्रपिंड, दोन्हींवर ताण येतो.

खर्चाबद्दल थोडंसं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची कमाल किंमत तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली होती. आधी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. ही फक्त सांध्याची किंमत, ऑपरेशन आणि खोली वेगळी. बिलात सांध्याचा आकडा स्वतंत्र मागून घ्यावा. सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. गुडघेबदल कोणत्या रुग्णालयात त्यात बसतो, हे आधी चौकशी करून ठरवावं.

ऑपरेशन झालं की काम झालं, असं मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी आईंना उभं केलं. पुढचे सहा आठवडे खरी परीक्षा होती. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि फिजिओथेरपीची ताई "अजून थोडं, आजी" म्हणायची. तिसऱ्या महिन्यात आई स्वतःच्या पायांनी मंदिरात गेल्या. खुर्चीवर बसल्या आणि शेजारणीला कसलाच खुलासा दिला नाही. दुसरा गुडघा अजून व्यायामावर तग धरून आहे.

याच दरम्यान आईंची हाडांची घनता तपासली, ती डेक्सा नावाची तपासणी. त्यात टी-स्कोअर उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली, आणि उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ठिसूळ. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर विरळ होतात आणि ती दुखत नाहीत, म्हणून कळत नाही. कळतं ते एकदम मनगट, कंबर किंवा खुबा मोडल्यावर. पाळी थांबलेल्या बाईला रोज सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं आयसीएमआरचं २०२० चं मार्गदर्शन सांगतं. दोन पेले दूध, एक वाटी दही, एक नाचणीची भाकरी आणि चमचाभर तीळ, एवढं धरलं तरी नऊशेच्या आसपास जातो. चातुर्मासात पालेभाज्या बंद, अष्टमी-चतुर्दशीला हिरवं बंद, त्यात कुणी रसपरित्यागात दूध-दही सोडतं. नियम जरूर घ्या, पण साठीच्या बाईनं दूधच सोडायचं ठरवलं असेल, तर त्याची भरपाई कशी करायची हेही त्याच दिवशी ठरवावं.

कॅल्शियम हाडात जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते उन्हातून मिळतं, पण फ्लॅटमध्ये राहून, अंगभर कपड्यांत, सकाळची कामं उरकेपर्यंत ऊन निघून जातं. गोळ्यांचा प्रश्न आपल्यासाठी थोडा नाजूक आहे. कॅप्सूलचं वेष्टण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं असतं. त्यातलं डी-थ्री बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून बनवलेलं डी-थ्री आता मिळतं आणि वनस्पतिजन्य वेष्टणाच्या कॅप्सूलही असतात. औषधांच्या पाकिटावर हिरवा ठिपका असेलच असं नाही, म्हणून लेबलवर घटक वाचावेत. सांध्यांसाठी म्हणून जाहिरातीत येणारं ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून असतं. कोलाजेन मासे, कोंबडी किंवा गुरांचं असतं, आणि दोन्हींचा गुडघ्याला होणारा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही. ते सोडल्यानं आपलं फारसं काही बिघडत नाही. आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त राहू नये. शंखभस्म, प्रवाळभस्म, मोत्याच्या शिंपल्याचं भस्म, ही नावं कशापासून आली ते उघडच आहे. आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची पुडी डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यावी, जास्त झालं तर तेही बाधतं.

ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी असते. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं किंवा चालायचं, आडवं व्हायचं नाही. ज्यांची नवकारशी असते त्यांनी सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं झाली की गोळी घ्यावी आणि अर्ध्या तासानं नाश्ता. उपवास त्याच वारी आला तर काय करायचं, ते आधीच विचारून ठेवावं. आणि हाडं जपायची तर पडणंच टाळायला हवं. आम्ही भोसरीच्या एका वर्कशॉपमधून स्टीलचा दांडा करून न्हाणीघरात बसवला, रात्रीसाठी छोटा दिवा लावला आणि दारातली सैल पायपुसणी काढून टाकली.

आता त्वचेकडे येते. माझा भाचा चाकणला एका कारखान्यात लागला. खोलीत सहा मुलं, पावसाळ्यात न वाळलेले कपडे, आठ-दहा तास घामानं भिजलेला जाड युनिफॉर्म. जांघेत गजकर्ण उठलं. मेडिकलमधून कुणीतरी दिलेलं मलम लावलं, खाज चार दिवसांत गेली, महिन्याभरात दुप्पट जागी पसरलं. त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड खाज दाबतं, बुरशी मात्र आत वाढत राहते आणि त्वचा कागदासारखी पातळ होते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गोरेपणाची क्रीम म्हणून चेहऱ्याला लावली जातात त्यांतलीही काही याच घरची. आणि सांधेदुखीवर हमखास गुण म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्यांनी दुखणं थांबतं आणि हाडं आतून ठिसूळ होत जातात.

त्वचारोगतज्ज्ञांनी भाच्याला बुरशीचं औषध दिलं, आणि डाग गेल्यावरही सांगितलेले आठवडे पूर्ण करायला लावलं. कपडे गरम पाण्यात धुवायचे, उन्हात वाळवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा. माझी नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, बुरशी म्हणजे पण जीवच ना?" प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. खरूज झाली तर किडा मारणारं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं लागतं, तेव्हाही हाच प्रश्न येतो. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाचा पूर्ण त्याग असतो तो संकल्पी हिंसेचा. बाकीची यत्नपूर्वक, कमीत कमी व्हावी, एवढी काळजी घ्यायची. आणि उपचार अर्धवट सोडले तर तीच बुरशी सहा मुलांना होते आणि सहापट औषध लागतं. आधीच अंग कोरडं आणि कपडे स्वच्छ ठेवले तर औषधाची वेळच येत नाही. अहिंसेचा सोपा मार्ग तोच.

यावरून आठवलं. आपल्या पिंपरीची एच. ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये उभी राहिली. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९६१ च्या सुमारास पिंपरीच्याच मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं औषध शोधलं. त्याचं नाव हॅमायसिन, आणि त्या सूक्ष्मजीवाला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एच. ए. कॉलनीवरून रोज जाणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे?

मैत्रिणींनो, एक काम करा. उद्या सकाळी घरातल्या मोठ्या बाईला विचारा: "उठल्यावर सांधे किती वेळ आखडतात?" "गेल्या वर्षात कधी पडलात का?" "कुठली गोळी रात्रीची म्हणून टाळता का?" त्या "काही नाही गं" म्हणतील. थोडं थांबून पुन्हा विचारा. आणि ज्या घरात विचारणारं कुणी नाही, तिथं हे तीन प्रश्न स्वतःलाच विचारा, लाजू नका.

जय जिनेंद्र.